तिकीट प्रवासाचे, जागा माणुसकीची

‘मी तिकीट काढले आहे.’ या चार शब्दांनी आपल्या सार्वजनिक जीवनातील फार मोठा अविवेक झाकला जातो. एस. टी.त, बेस्टच्या बसमध्ये, विरारहून चर्चगेटकडे धावणाऱ्या लोकलमध्ये हे वाक्य ढालीसारखे पुढे केले जाते. तरुण ते म्हणतो आणि खिडकीबाहेर पाहू लागतो. आई ते आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या वतीने म्हणते. अलीकडे तर साठी ओलांडलेले काही गृहस्थही तिकिटाच्या जागी आपले वय पुढे करून त्याच सुरात बोलू लागले आहेत : ‘मी ज्येष्ठ नागरिक आहे, ऊठ!’ या तिन्ही बोलण्यांचा अर्थ एकच, की जागा माझ्या मालकीची आहे. माझे म्हणणे असे आहे की, ती कोणाच्याच मालकीची नाही.

उपनगरी रेल्वेच्या तिकिटावर किंवा पासावर कधी आसन क्रमांक पाहिला आहे काय? नसतोच. रेल्वे आपल्याला एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर नेण्याचे पैसे घेते, बसवण्याचे नव्हे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. ते बसून काटणाऱ्याकडून रेल्वे एक पैसाही अधिक घेत नाही आणि दारात लोंबकळत काटणाऱ्याला एक पैसाही परत देत नाही. गर्दीच्या वेळी या डब्यांत दर चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेचे अधिकारी स्वतःच सांगत आले आहेत. एवढ्या दाटीत ज्याला बसायला मिळाले, त्याला ते तिकिटाने मिळालेले नाही. तो आधीच्या स्थानकावर चढला, त्याच्या अंगात बळ होते किंवा त्याचे नशीब चांगले होते, म्हणून मिळाले. जे नशिबाने हाती आले, त्यावर मालकी सांगण्यात शहाणपण नाही. ते आपल्याकडे थोड्या वेळापुरती ठेव म्हणून आलेले असते.

हे कळत नाही असे नाही. मुंबईच्या गर्दीने कोणताही कायदा नसताना सौजन्याचे काही सुरेख नियम स्वतःच घडवले आहेत. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला मिळते, ती ‘चौथी सीट’. रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकाने ती दिलेली नाही. ‘जरा सरका’ या दोन शब्दांनी ती निर्माण झाली आहे. रोजच्या प्रवाशांच्या कित्येक गटांत अर्ध्या वाटेवर बसलेल्याने उठून उभ्याला जागा देण्याची पद्धत आहे. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून पुढच्याची जागा सांगून ठेवण्याची चाल तर सर्वांच्या परिचयाची आहे. तेव्हा आजचा प्रवासी असंस्कृत आहे, या सरसकट ओरडीत मी सामील होणार नाही.

या नियमांत उणीव आहे ती वेगळीच. ते आपसांतल्या माणसांसाठी आहेत. रोज त्याच गाडीने, त्याच डब्यातून जाणाऱ्याला त्यांचा लाभ मिळतो. महिन्यातून एकदा तपासणीसाठी मुंबईच्या इस्पितळात जाणारी आजी कोणत्याही गटाची सभासद नसते. वसईला ती कशीबशी डब्यात शिरते, तेव्हा प्रत्येक जागा आधीच कोणाला तरी ‘सांगून ठेवलेली’ असते. एखादी सहृदय मुलगी उठलीच, तर तिची जागा आजीला मिळेल याची शाश्वती नाही. अंधेरीपासून ‘नंबर’ लावून उभी असलेली दुसरी प्रवासी तेथे बसते, आणि डब्याच्या रीतीप्रमाणे तिचे काही चुकलेलेही नसते! दुबळ्याला ज्यात स्थान नाही, असा हा चोख न्याय आहे.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : म्हाताऱ्या माणसांनी गर्दीच्या वेळी यावेच कशाला? आपल्या घरांतील शिकलेली मुलेही हा प्रश्न विचारतात, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. महापालिकेच्या मोठ्या इस्पितळांत बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर सकाळी निघतो. रांग पहाटेपासून लागते. मधुमेहाच्या तपासणीसाठी रक्त उपाशीपोटी द्यावे लागते. वसई-विरार पट्ट्यातून अशा रांगेत वेळेवर उभे राहायचे, तर सकाळच्याच गाडीला पर्याय नाही. म्हातारा माणूस हौसेने त्या गर्दीत शिरत नाही. नोकरदाराला जसे कार्यालयाचे घड्याळ आहे, तसे त्याला आजाराचे घड्याळ आहे.

तिकिटाचा हा हिशेब आणखी एका ठिकाणी विषारी झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य केला. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. या सवलतींनी कित्येक वृद्ध पुन्हा घराबाहेर पडले, लेकीच्या गावी गेले, जत्रेला गेले. परंतु त्याच गाडीत एक नवा शब्दही कानांवर येऊ लागला : ‘फुकटे!’ ‘फुकट प्रवास करायचा आणि वर जागाही पाहिजे!’ वाचकहो, हे वाक्य उच्चारणाऱ्याने आपल्या लहानपणाचा हिशेब मांडावा. पाच वर्षांखालील मुलाचे एस. टी.त भाडे पडत नाही, रेल्वेतही पडत नाही. तो स्वतः पाच वर्षे फुकट फिरला आहे आणि ज्यांच्या मांडीवर बसून फिरला, तेच आज दांड्याला धरून उभे आहेत. रेल्वेने तर २० मार्च २०२० रोजी महामारीच्या काळात लांब पल्ल्याच्या गाड्यांतील ज्येष्ठांची भाडेसवलत थांबवली आणि महामारी ओसरल्यावरही कित्येक वर्षे ती परत दिली नाही. तेथे वृद्ध पूर्ण भाडे भरू लागले. म्हणून त्यांच्यासाठी कोणी अधिक तत्परतेने उठू लागल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा तिकीट ही खरी अडचण नव्हतीच.

मग पाट्यांचे काय? बसमध्ये, लोकलच्या डब्यात ज्येष्ठांसाठी आसने राखीव असतात. त्या आसनांवर त्यांचा हक्क आहे आणि हक्क मागताना कोणी ओशाळू नये. तेथे बसलेल्या तरुणाने कोणी मागण्याची वाट न पाहता उठावे आणि तो उठत नसेल, तर शेजारच्या प्रवाशांनी त्याला शांतपणे सांगावे; म्हाताऱ्याला एकट्याला भांडत ठेवू नये. लोकलमधील ज्येष्ठांचे हाल मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मालडब्यांपैकी एकाचे ज्येष्ठांच्या डब्यात रूपांतर करण्याची तयारी रेल्वेने दाखवली. हा निर्णय चांगला आहे, तो सर्व गाड्यांत लवकर अमलात यावा. परंतु तो चांगला आहे म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात असे मात्र नाही. इतर माणसांत त्यांना जागा मिळेना, म्हणून जेथे टोपल्या आणि हारे ठेवले जात, तेथे आपण त्यांची सोय लावली, असाही त्याचा एक अर्थ होतो. पाटीचे आणखी एक अनिष्ट फळ आहे. पाटीखालची तीन आसने ज्येष्ठांची ठरली, की उरलेल्या आसनांवरचे लोक स्वतःला कर्तव्यमुक्त समजू लागतात. ‘तिकडे जा ना आजोबा, तुमची सीट तिकडे आहे,’ असे अगदी गोड आवाजात सांगितले जाते!

येथवर वाचून माझ्या वयाच्या आणि माझ्याहून वडीलधाऱ्या वाचकांनी समाधानाने मान डोलावली असेल, तर आता त्यांनी थोडे सावरून बसावे. वय ही पदवी नव्हे. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात ‘आजकालची पिढी’ या विषयावर जी प्रवचने रंगतात, त्यांत एक बाब सोयिस्करपणे वगळली जाते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत. बारा-बारा तास रात्रपाळी करून, रुग्णांची अंथरुणे बदलून ती मुलगी सकाळच्या गाडीने घरी परतते आणि बसल्या जागी तिचा डोळा लागतो. तिच्यासमोर उभे राहून ‘झोपेची सोंगे घेतात हल्ली’ असे मोठ्याने म्हणणाऱ्या, स्वतः दोन जिने सहज चढून आलेल्या गृहस्थांना मान हवा असतो की दुसऱ्याची मान खाली घालायला लावण्याचे सुख? नव्याने दिवस गेलेल्या स्त्रीच्या अंगावर काही खूण दिसत नाही. हृदयविकाराचा, मूत्रपिंडाच्या विकाराचा तरुण रुग्ण चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पिकलेले केस हे गरजेचे एक चिन्ह आहे. एकमेव चिन्ह नव्हे.

लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे, हे आपण तरुणांना ऐकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु ती आज्ञा उठणाऱ्याला दिलेली आहे. उठवणाऱ्याच्या हाती दिलेला तो दंडुका नव्हे. ज्याला मान घ्यायचा आहे, त्याच्यासाठी प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात वेगळा धडा ठेवला आहे : मेजवानीला गेलात तर मानाची जागा स्वतः होऊन धरू नका. उठणाऱ्याने पहिला धडा पाठ करावा, बसणाऱ्याने दुसरा. आपण मात्र अदलाबदल केली आहे. प्रत्येकाला दुसऱ्याचे कर्तव्य तोंडपाठ आहे.

तरीही या दोन्ही पिढ्यांपेक्षा मी अधिक दोष देईन तो मधल्या पिढीला, म्हणजे आज तीस ते पन्नास वयाच्या आईबापांना. पूर्वी घरातले मूल गाडीत सर्वांत आधी उठत असे. कोणी म्हातारे चढले, की बाप नुसता डोळ्यांनी खुणावी आणि मूल उभे राही. त्यात त्याला शिक्षा वाटत नसे, उलट आपण मोठे झालो असे वाटे. आज तेच मूल जागा धरून बसते आणि आईच त्याला थोपवते : ‘बस बाळा, तू दमलास. आपण तुझे हाफ तिकीट काढले आहे.’ त्या एका वाक्यात ते मूल काय काय शिकते! पैसे दिले की संपले, हे शिकते. दुसऱ्याचे गुडघे हा आपला विषय नाही, हे शिकते. हेच मूल वीस वर्षांनी कानांत यंत्रे घालून, डोळे मोबाईलमध्ये बुडवून बसलेले दिसेल. आणि आणखी काही वर्षांनी घरातली खोली कोणाची, दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नांनाही तोच हिशेब लावील. ज्या दिवशी ते आपल्याला ‘तुमची जागा तिकडे आहे’ असे गोड आवाजात सांगेल, त्या दिवशी आपण कोणाकडे दाद मागणार? २००७ साली आपल्या संसदेला आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला. कायद्याने पोटगी मिळते. कोणी आपण होऊन उठून ‘बसा’ म्हणावे, याची तरतूद कोणत्याही कायद्यात करता येत नाही.

हे सारे गाडीतच घडते, अशा भ्रमात आपण राहू नये. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, गावच्या सणाला आपल्याच मंदिरांत काय दिसते? तासभर आधी आलेले एक माणूस अख्ख्या कुटुंबासाठी बाक अडवून बसते. रुमाल, पर्स, गीतांचे पुस्तक अशी एकेका जागेवर एकेक वस्तू मांडलेली असते. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आणि हे, यांत फरक तो कोणता? वेळेवर आलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी दाराशी उभी राहते आणि जिच्यासाठी रुमाल टाकलेला असतो, ती तरुण सून प्रवेशगीत संपल्यावर आत येते. येथे तर कोणी तिकीटही काढलेले नसते!

तेव्हा सुधारणेची सुरुवात मंदिरातूनच व्हावी. बाकावर माणूस बसेल, वस्तू नव्हे, एवढा एक नियम प्रत्येक कुटुंबाने पाळावा. गाडीत आणि बसमध्ये पाच वर्षांखालचे मूल मांडीवर घ्यावे आणि त्याहून मोठ्या मुलाला वृद्ध दिसताच उठायला शिकवावे. शिकवावे म्हणजे आधी स्वतः उठावे. तरुणांनी मोबाईल खुशाल पाहावा, पण प्रत्येक स्थानकावर एकदा मान वर करून कोण चढले ते पाहावे. वडीलधाऱ्यांनी राखीव आसन हक्काने मागावे आणि इतर आसन विनंतीने. ‘बाळा, पाय दुखतात, जरा टेकू का?’ या वाक्याला नकार देणारा तरुण मिळणे कठीण आहे, ‘ऊठ!’ या शब्दाला तो पदोपदी मिळतो. जागा मिळाल्यावर ‘देव तुझे भले करो’ म्हणायला विसरू नये. आणि वाटेत कोणी आपल्याहून अधिक थकलेले चढले, मग ते वीस वर्षांचे का असेना, तर बोरिवलीपर्यंत आपण बसलो तेवढे पुरे, असे म्हणून उठण्याची तयारी ठेवावी. धडधाकट म्हाताऱ्याने थकलेल्या मुलीला जागा दिली, असे दृश्य डब्यातील शंभर तरुणांनी एकदा पाहिले, तर त्यांना या विषयावर वेगळे प्रवचन द्यावे लागणार नाही.