दोन खिडक्यांचे शहर : पनामा सिटी



पनामा हे नाव आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आले. कोणाला पनामा सिगारेट आठवते, कोणाला पनामा हॅट. ही हॅट मुळात इक्वाडोर देशातली, पण पनामात विकली गेली म्हणून तिला हे नाव चिकटले. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतली माणसे जहाजावर नोकरीला गेली, त्या घरांत मात्र पनामा म्हणजे कालवा. जहाज एका समुद्रातून कालव्यात शिरते, आठ-दहा तासांनी दुसऱ्या समुद्रात निघते आणि खलाशाला शहर दिसते ते दुरूनच. त्या शहरात पायी फिरण्याची संधी आम्हा उभयतांना मिळाली, त्याची ही हकीकत.

मुंबईहून थेट विमान नाही, आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. आपल्याकडे इशाची वेळ झालेली असते तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. हवा अगदी आपल्या कोकणातल्या जूनची. अंगाला चिकटणारा दमटपणा, दुपारी अचानक कोसळणारा पाऊस आणि तासाभराने पुन्हा ऊन.

पहिल्या नजरेला हे शहर दुबईसारखे वाटते. समुद्राला लागून काचेच्या उंच इमारतींची रांग आणि तिच्यासमोर फिरायला बांधलेला लांबच लांब किनारा. दुसरा धक्का सूर्याने दिला. प्रशांत महासागर अमेरिका खंडाच्या पश्चिमेला, असे आपण शाळेत शिकलो. इथे तर पहाटे त्याच समुद्राच्या बाजूने सूर्य वर येतो! या देशाची चिंचोळी पट्टी आडवी आणि वळणदार आहे आणि शहराचे तोंड दक्षिण-पूर्वेला आहे, म्हणून हा चमत्कार. नमाजेची दिशाही बदलते. आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला ईशान्येला, जरा पूर्वेकडे झुकलेला.

शहरात फिरणे सोपे आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली इथली मेट्रो मध्य अमेरिकेतली पहिली. व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये होतो. देशाचे स्वतःचे चलन बाल्बोआ, पण त्याची फक्त नाणी दिसतात, नोटा नाहीत. खाण्याची चिंताही फार करावी लागली नाही. मासळी मुबलक, सोबत नारळाच्या दुधातला भात आणि कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप. तो भात खाताना घरची आठवण झाली.

मेट्रोने आम्ही सिंको दे मायो स्थानकावर उतरलो आणि बाजारातून चालत जुन्या शहराकडे, म्हणजे कास्को व्हिएहोकडे गेलो. स्पॅनिश लोकांनी १५१९ मध्ये वसवलेले पहिले पनामा याहून थोडे दूर होते. १६७१ मध्ये हेन्री मॉर्गन या चाच्याच्या हल्ल्यात ते बेचिराख झाले. त्याचे पडके अवशेष आजही उभे आहेत. दोन वर्षांनी शहर या नव्या जागी हलवण्यात आले. अरुंद गल्ल्या, लोखंडी नक्षीचे सज्जे, लाल कौले. फुटपाथवर गुना या मूळ रहिवासी जमातीच्या स्त्रिया 'मोला' विकत बसतात. रंगीत कापडाचे थर एकावर एक शिवून, मग कापून केलेली ही नक्षी. आमच्या घरातून ती पाहायला अर्धा तास गेला, कारण आपल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांना या कामाची मेहनत लगेच कळते.

एका बाजूला नटवलेल्या हवेल्या, आणि तिथून चालत थोड्याच अंतरावर एल चोरिओ ही गरीब वस्ती. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर सैन्य पाठवले, तेव्हा या वस्तीची घरे जळून गेली होती. पर्यटकांना तिकडे जाऊ नका असेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी शहराच्या कडेला असलेल्या मिराफ्लोरेसला कालवा पाहायला गेलो. ऐंशी किलोमीटरच्या या वाटेवर जहाज पायऱ्या चढावे तसे चढते. दरवाजे बंद होतात, हौदात पाणी भरते आणि कंटेनरचा डोंगर लादलेले जहाज हळूहळू वर उचलले जाते. एकूण चढ सुमारे सव्वीस मीटर, पुढे तेवढाच उतार. हे पाणी समुद्राचे नाही. ते गातून तलावात साठलेले पावसाचे गोडे पाणी. एका जहाजामागे सुमारे वीस कोटी लिटर पाणी समुद्रात सोडले जाते, आणि शहराला पिण्याचे पाणीही याच खोऱ्यातल्या तलावांतून मिळते. म्हणून २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा जहाजांची संख्या घटवावी लागली.

सज्जात उभे राहून लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या मनात मात्र प्रश्न आला, हे खणले कोणी?

त्याचे उत्तर सिंको दे मायो स्थानकाजवळच्या एका लहानशा संग्रहालयात मिळाले. बार्बाडोसहून आलेल्या मजुरांच्या जुन्या लाकडी चर्चमध्ये ते आहे. कालव्याची पहिली सुरुवात फ्रेंचांनी १८८१ मध्ये केली आणि पिवळा ताप, मलेरिया व पैशाची नासाडी यांपुढे ते हरले. त्या काळात सुमारे बावीस हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. पुढे १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने काम पुरे केले. तेव्हाही ५,६०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांत बहुसंख्य कॅरिबियन बेटांवरचे काळे मजूर होते. एकट्या बार्बाडोसहून सुमारे वीस हजार माणसे करारावर आली. मजुरी तासाला दहा सेंट, दिवस दहा तासांचा.

पगाराच्या याद्या दोन होत्या, 'सोन्याची' आणि 'चांदीची'. गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यांत पगार, बाकीच्यांना चांदीच्या. हळूहळू सगळे जीवनच या दोन याद्यांत वाटले गेले. राहण्याची घरे वेगळी, दुकाने वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या, टपाल कचेरीतल्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. घरी पत्र टाकायचे तरी चांदीवाल्याने आपल्या खिडकीसमोरच उभे राहायचे.

तरी त्याच खिडकीतून पैसा घरी गेला. बार्बाडोसमध्ये त्याला 'पनामा मनी' म्हणत. त्यातून कोणी जमिनीचा तुकडा घेतला, कोणी घर बांधले. हे वाचताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. 'दुबईचा पैसा', 'कुवेतचा पैसा' हे शब्द आपल्या गावांत आपण किती सहज वापरतो!

कालवा झाला, पण पुष्कळ मजूर तिथेच राहिले. त्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पनामाच्या १९४१ च्या राज्यघटनेने स्पॅनिश मातृभाषा नसलेल्या काळ्या लोकांचे स्थलांतर निषिद्ध ठरवले आणि त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वावर घाला घातला. त्या यादीत चिनी होते, उत्तर आफ्रिकेचे लोक होते, आणि हिंदुस्थानातून आलेलेही होते. १९४६ मध्ये नवी घटना आली, तेव्हा ही कलमे गेली. कालव्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी मात्र अमेरिकेच्याच ताब्यात राहिली. तिथे पनामाचा झेंडा लावण्यावरून ९ जानेवारी १९६४ ला दंगल उसळली, विद्यार्थी व नागरिक मारले गेले. त्यांच्या नावाचा रस्ता शहरात आहे. कालवा पनामाच्या हाती पूर्णपणे आला तो ३१ डिसेंबर १९९९ ला.

शुक्रवारी जुम्याला गेलो. सफांमध्ये गुजराती, अरबी, स्पॅनिश सगळे कानावर पडले. नमाजेनंतर एका वयस्कर गुजराती चाचांनी हात धरून विचारले, "किधर से, भाई?" आम्ही कोकण म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सुरतेकडचे कुटुंब, बाजारात कापडाचे दुकान. नातवंडांचे विचारले तर हसून म्हणाले, "दादी से गुजराती, हमसे उर्दू, आपस में स्पॅनिश." वडिलांची कबर इथेच आहे, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. वाटेत लागणाऱ्या या शहरात थांबलेली अशी कितीतरी घराणी आहेत.

आम्हाला या सफरीत सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट शेवटी सांगतो. १९६३ मध्ये तिथल्या एका इतिहास संस्थेने स्पर्धा जाहीर करून कालव्यावर राबलेल्या म्हाताऱ्या मजुरांकडून त्यांच्या आठवणी लिहून मागवल्या. कालवा सुरू होऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. किती जण तोवर काही न सांगता गेले असतील! तरी जी पत्रे आली, त्यांच्यामुळेच आज जगाला मजुराच्या तोंडून कळते की चिखलात उभे राहणे कसे होते, सुरुंगात सोबती कसा गेला.

आपल्याकडे आखाताची पहिली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. घरात त्यांनी बांधलेली भिंत आहे, आणलेले घड्याळ आहे, पण एका खोलीत किती जण झोपत, पासपोर्ट कोणाकडे असे, ईदच्या दिवशी काय शिजवले, हे किती मुलांना ठाऊक आहे? मागे राहिलेल्या आई-आजीने एकटीने घर कसे रेटले, हे तर कोणी विचारतच नाही. वाचकहो, या सुट्टीत एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. ते म्हणतील, "त्यात काय सांगायचे?" तरी विचारा, आणि लिहून ठेवा.