फुकटचे खत महागात पडू नये



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका जुन्या सभासदांनी मला विचारले, "साहेब, शहराच्या सांडपाणी केंद्रावरचा वाळलेला गाळ मिळतोय. ट्रॉलीचं भाडं तेवढं आपलं. टाकू का उसाला?" मी म्हणालो, "अण्णा, तपासल्याशिवाय टाकू नका." ते हसले. "शेणखताला कधी तपासलं होतं का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे चार शब्द.

शेणखत कुजते. पण शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम हे जड धातू कुजत नाहीत. एकदा जमिनीत गेले की नातवाच्या काळापर्यंत तिथेच. जस्त आणि तांबे हेही जड धातूच. पिकाला ते थोडे लागतात, म्हणून झिंक सल्फेटला घाबरू नका. कॅडमियम, शिसे, पारा मात्र पिकाला कणभरही लागत नाहीत.

जपानात तोयामा भागातील जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिचे पाणी नदीतून भातखाचरात येई. बायकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. रोगाला नाव पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. गावचे डॉक्टर हागिनो आणि ओकायामा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ कोबायाशी यांनी १९६१ साली कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने मान्य केले १९६८ साली. पुढे आठशे हेक्टरहून जास्त जमीन दुरुस्त करण्याचे काम चालले ते २०१२ पर्यंत. दूषित माती गाडून वर चांगली माती पसरावी लागली. आपल्याला परवडेल का?

जपान लांब राहिले. आपल्या बेण्याचेच बघा. कांडी कुजू नये म्हणून आपण ती पाऱ्याच्या औषधात बुडवीत होतो. इतर पिकांना त्याची बंदी झाली, तरी बटाटा आणि ऊस यांच्या बेण्याला परवानगी राहिली. २०१८ साली केंद्र सरकारने तीही काढली. नोकरीच्या सुरुवातीला मीही बांधावर उभा राहून ते औषध वापरा म्हणून सांगितले आहे, आणि उरलेले पाणी तिथेच ओतताना पाहिले आहे. शिफारस होती, म्हणून केले. तेव्हा कोणी माती तपासली नाही, मीही नाही. ती चूक पुन्हा नको.

नाशिक रोडची जागा मोठी नाजूक. वर सातपूर-अंबडचे कारखाने, नासर्डी गोदावरीला मिळते, खाली आपले उपसे. शेजारी एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख. कोळशाच्या राखेत या धातूंचा अंश असतोच. आपली काळी, चुनखडीची जमीन धातू घट्ट धरून ठेवते, ते पटकन पिकात चढू देत नाही, ही देवाची कृपा. पण धरून ठेवणे म्हणजे साठवणेच की! उसात बराच भाग मुळाशी राहतो. पण उसातले आंतरपीक मेथी-पालक असेल, तर पालेभाजी जास्त ओढते, आणि ती आपलीच पोरे खातात.

मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. त्यांत कॅडमियम, शिसे, पारा नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नदीकाठच्या आणि राख-गाळ टाकलेल्या शेतांचे नमुने कारखान्याने दर ५ वर्षांनी स्वखर्चाने तपासावेत आणि गटवार नोंद ठेवावी. गाळाचा किंवा कंपोस्टचा अहवाल पाहिल्याशिवाय सभासदांनी ट्रॉली रिकामी करू नये. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा आहे, किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम.

काहीजण म्हणतात, "अहवाल वाईट आला तर आमचा माल घेणार कोण?" भीती खरी आहे. पण न तपासल्याने धातू कमी होत नाही. तपासले तर पालेभाजी बंद करून तिथे नुसता ऊस ठेवता येतो, शेणखत वाढवता येते आणि मुख्य म्हणजे येणारी घाण थांबवता येते.

येत्या वार्षिक सभेत कोणी सभासदाने हा विषय मांडावा. उत्तर द्यायला मी उभा राहीन. आणि अण्णा, तुमच्या गाळाची एक पिशवी आधी ऑफिसात पाठवा. ट्रॉली नंतर.

आपला,
ऊस विकास अधिकारी