समृद्धीवर गाडी तापली, मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. पण आधी हे तपासा

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेड राजा या भागातून जातो. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. म्हणजे जी जुनी गाडी आजवर चिखली-बुलढाणा अशी निवांत फिरत होती, ती आता भर उन्हाळ्यात तासन् तास शंभरच्या आसपास पळते. मग टेम्परेचरचा काटा वर सरकतो आणि गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "रेडिएटर गेला, बदलून टाका."

कधी ते खरं असतं, तर कधी रेडिएटर निर्दोष असतो. आणि कधी नवा बसवूनही काही महिन्यांत पुन्हा तेच होतं. बुलढाण्यात यामागे एक कारण आहे: पाणी.

रेडिएटर नेमकं काय करतो?

इंजिनची उष्णता घेऊन कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून फिरतो. नळ्यांना लागून पातळ पत्र्यांची जाळी असते. तिच्यातून हवा जाते आणि कूलंट थंड होऊन परत इंजिनकडे जातो. कूलंट कधी सोडायचा हे थर्मोस्टॅट ठरवतो, फिरवण्याचं काम पंप करतो आणि गाडी उभी किंवा हळू असेल तेव्हा हवा फॅन ओढतो.

यात झाकणही महत्त्वाचं. साधारण एक बार दाब धरणारं झाकण असेल, तर आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला आणि चांगल्या रेडिएटरची गाडीही उकळते.

पाण्याचा काय संबंध?

पूर्णा नदीचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोल्यासोबत बुलढाण्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके त्यात येतात. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट. घरच्या कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांमध्येही बसतो. नळ्या तुंबतात आणि पाण्यातला क्षार अ‍ॅल्युमिनियम खातो.

काटा वर गेला की बाटलीभर बोअरचं पाणी ओतायचं, ही सवय म्हणूनच महाग पडते. अडीअडचणीला ओतलं तर ठीक, पण घरी आल्यावर यंत्रणा धुऊन नवा कूलंट भरायला हवा. आपल्याकडे थंडीत इंजिनमधलं पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं अनेकांना वाटतं. पण कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचं तापमान वाढवतो. आपल्याला तो यासाठीच लागतो.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

गाडी कधी तापते ते बघा.

• राजूर घाट चढताना किंवा बाजारातल्या गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो: आधी फॅन, त्याचा फ्यूज आणि सेन्सर तपासा.
• वेगात असताना तापते: हवा भरपूर मिळूनही उष्णता बाहेर पडत नाही. नळ्या तुंबल्या असतील, जाळीत धूळ-किडे अडकले असतील किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल.
• कूलंट सारखा कमी होतो: गळती शोधा. बाहेर गळत नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. तिथे नवा रेडिएटर म्हणजे पैसे पाण्यात.

बदलायचाच असेल तर?

जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देऊन काम भागायचं. आजच्या बहुतेक कारमध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. टाकीला तडा गेला की लावलेला लेप फार दिवस टिकत नाही. तिथे बदलणंच बरं.

दुकानात केवळ गाडीचं नाव सांगू नका. वर्ष, पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे सांगा आणि चेसिस नंबर द्या. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं ऑइलही रेडिएटरमध्येच थंड होतं, त्यामुळे मॅन्युअलचा रेडिएटर तिथे चालत नाही. जुना शेजारी ठेवून जाळीची लांबी-रुंदी, जाडी, पाइपची तोंडं आणि बसवायच्या जागा जुळवा. जाडी कमी असलेला स्वस्त माल गावात चालून जाईल, समृद्धीवर उघडा पडेल.

बसवण्याआधी इंजिनमधला गाळ धुऊन घ्या, नाहीतर तो नव्या नळ्यांमध्ये जाईल. झाकण नवं घ्या, पाइप फुगलेले असतील तर तेही बदला. कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रकाराचाच घ्या. हिरवा-लाल रंग बघून ठरवू नका आणि दोन प्रकार मिसळू नका. पाणी मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड. शेवटी यंत्रणेतली हवा काढून घ्यायला सांगा.

पक्कं बिल का मागायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ५,००० रुपये मूळ किंमतीचा रेडिएटर आधी ६,४०० ला पडायचा, आता ५,९०० ला. ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर तर कर १८ वरून ५ टक्के झाला. जुन्या कराने पैसे घेतले का, हे पक्क्या बिलावरच कळतं. वॉरंटी मागायलाही तेच लागतं.

रस्त्यातच काटा वर गेला तर?

एसी बंद करा, वेग कमी करा, इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहा. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर उडतं. आणि काटा वर असताना "पुढच्या टोलपर्यंत जाऊ" म्हणत गाडी रेटू नका. रेडिएटरचा खर्च काही हजारांत असतो, इंजिनचा त्याच्या कितीतरी पट.