मुठीला मिठीची ओळख हवी

निवासी शाळेत मूल ठेवताना पालक आज अभ्यासाबरोबर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारतात : आमच्या मुलीला स्वतःचे रक्षण करता येईल का? उत्तरादाखल बहुतेक शाळांत कराटे वा तायक्वांदोचा वर्ग सुरू होतो. हे स्वागतार्हच आहे. परंतु ठोसा आणि लाथ यांवर बेतलेली विद्या अंगाशी भिडणाऱ्यापुढे कितपत टिकते, याचा विचार क्वचितच होतो. धाराशिव जिल्ह्याला तरी हा विचार परका नसावा. येथील यात्रांत आजही कुस्तीचे फड रंगतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची गदा शिवराज राक्षे यांनी उंचावली.

ठोशाला दोन गोष्टी लागतात : पुरेसे अंतर आणि पायांचा भक्कम आधार. पैलवान नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतो. तो अंतर मिटवतो, पट काढतो आणि समोरच्याला खाली आणतो. पाठीवर पडलेल्या माणसाच्या ठोशामागे कमरेचे बळ उरत नाही.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांचे खेळाडू एकमेकांसमोर उभे ठाकले. ब्राझीलच्या सडपातळ रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना पकडीत घेऊन नमवले. ठोशांचे दिवस संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले. मात्र जुलै १९९७ मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथने मार्क कोलमन या बलाढ्य मल्लाला गुणांवर हरवले. खाली पडल्यावर तग कसा धरावा, हे तो शिकून आला होता. कोलमनचा दम संपल्यावर स्मिथच्या लाथांना वाव मिळाला.

पुढे आपल्या खेळाडूंनाही हाच अनुभव आला. मुंबईचा कुस्तीगीर भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे यूएफसीच्या रिंगणात उतरला. मुख्यतः प्रहारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीने नमवले. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूर येथे कुस्तीगीर रितू फोगाटला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्स या किकबॉक्सर युवतीने हाताच्या पकडीने हरवले. प्रहार करणारे पैलवानांना नमवू शकतात, ते पकडीचे शास्त्र आत्मसात केल्यावर. तिच्याकडे पाठ फिरवून नव्हे.

आपल्या शाळांनी यातून बोध घ्यावा. वर्गात मुलगी हवेत शेकडो ठोसे मारते. पण सराव म्हणूनही कोणी तिचे मनगट घट्ट धरलेले नसेल, तर प्रत्यक्ष प्रसंगी ती पहिली काही क्षणे भांबावून घालवील. कोणी म्हणेल, रस्ता म्हणजे आखाडा नव्हे. हल्लेखोर दोघे-तिघे असतील, तर एकाशी झोंबत राहणे घातकच. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही विद्या जिंकण्यासाठी नव्हे, सुटण्यासाठी शिकवावी : पडावे कसे, खालून उठावे कसे, मनगट सोडवावे कसे आणि सुटताच धावावे कोणीकडे. ठोसा हवाच, पण तो सुटकेची वाट मोकळी करण्यापुरता.

मुलींनी मातीत उतरावे का, ही शंकाही आता जुनी झाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. मुलींसाठी महिला प्रशिक्षक असावी, एवढी दक्षता मात्र शाळेने घ्यावी.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एक हौदा, लाल माती, चार गाद्या आणि आठवड्यातून दोन सायंकाळी पुरेशा आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थिनींनी माती अंगाला लावली आहे, त्यांनी आपल्या सवडीतील एक सायंकाळ शाळेला द्यावी. पालकांनीही वर्ग कोणता, एवढेच विचारून थांबू नये. धरले तर सुटायला शिकवता का, हेही विचारावे.