मागच्या सीटचा व्हेटो

जोडीनं बाइकवर मनाली-लेह करताय? सर्व्हिसिंगच्या आधी एक करार करा: ‘थांब’ म्हणायचा हक्क दोघांनाही, आणि त्यावर नो वाद!

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, रोहतांग टळला; पण बारालाचा ला (सुमारे ४,९०० मीटर) आणि तांगलांग ला (५,३०० च्या वर) चुकत नाहीत. वाटेत डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला, तर सरळ खाली उतरायचं. हँडल धरणारा ‘मी ओके’ म्हणतच राहतो. त्याचा तोल जातोय, हे बऱ्याचदा मागे बसलेल्यालाच आधी कळतं. मागची सीट म्हणजे सामानाची जागा नव्हे, राजे! पाठीवर दोन थापा पडल्या, की बाइक साइडला. लेह कुठे पळून जात नाहीये!