गोगलगाय आणि पोटात पाय

पाऊस लागला की विठ्ठलवाडीत कुंपणभिंतींवर, अळूच्या पानांवर मोठाल्या गोगलगायी दिसू लागतात. शंख निमुळता, तपकिरी, गडद पट्ट्यांचा आणि बोटाएवढा लांब असेल, तर ती आफ्रिकी गोगलगाय समजा. देशी गोगलगायी बहुधा लहान, चपट्या शंखाच्या. त्यांना मारू नका.

ही परदेशी जात १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आली. नर-मादी एकाच देहात, एका खेपेला शंभरावर अंडी आणि शेकडो वनस्पतींवर ताव. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादेत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

आपल्या बागेत उपाय सोपा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पसरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच उचला, कारण त्यांच्यातला जंत माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. त्या बादलीतल्या मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ मातीत मात्र नको. नव्या रोपांची मातीही अंड्यांसाठी तपासा.

एका सोसायटीने वेचून भागणार नाही. विठ्ठलवाडी कल्याण-उल्हासनगरच्या वेशीवर आहे. दोन्ही महापालिकांनी पावसाच्या तोंडावर एकत्र मोहीम काढावी.