रोइंगची बोट समुद्रात का चालत नाही? पुण्याच्या खेळाडूंसमोरचा नवा प्रश्न

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी लाइटवेट डबल स्कल्समध्ये अकरावी आली. ऑलिम्पिक रोइंगमधली ही भारताची सर्वोत्तम कामगिरी. दोघांनीही सराव केला तो पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये. पण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लाइटवेटच्या शर्यती नसतील. त्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरची ‘बीच स्प्रिंट’ आली आहे. म्हणजे दापोडीतल्या सीएमईच्या शांत पाण्यात तयार होणाऱ्या खेळाडूंना आता लाटांचाही विचार करावा लागणार. मग आहे तीच बोट समुद्रात नेता येईल का?

अडचण काय आहे?

एका खेळाडूची शर्यतीची बोट साधारण ८ मीटर लांब असते आणि नियमानुसार तिचं किमान वजन फक्त १४ किलो. पाण्याला टेकणारा भाग जेमतेम एक फूट रुंद. वेगासाठी हे उत्तम, पण बोटीचा तोल बोटीपेक्षा वल्ह्यांवरच जास्त असतो. काठही पाण्याच्या थोडाच वर असतो, त्यामुळे लाट सरळ आत येते. आत ५० लिटर पाणी साचलं, तर ५० किलो वजन वाढतं. शिवाय ते पाणी इकडून तिकडे हिंदकळत बोट कलती करतं.

हे ऑलिम्पिकमध्येही घडलंय. रिओ २०१६ला पहिल्याच दिवशी वाऱ्यामुळे सर्बियाची जोडी उलटली आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. तो तर समुद्र नव्हे, लगून होता. पुण्यात तयार झालेला, मूळचा नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ याच पाण्यात उतरला होता आणि तेरावा आला.

बोटीत काय बदल करता येतात?

• बंद कप्पे : पुढचा आणि मागचा कप्पा हवाबंद असेल, तर बोट पाण्याने भरली तरी तरंगते. बोट सुकवण्यासाठी उघडलेली झाकणं पाण्यात उतरण्यापूर्वी बंद करायला विसरलं, तर मात्र याचा काही उपयोग नाही.

• पाणी अडवणं, उपसणं : बसायच्या जागेभोवती उंच पट्ट्या लावतात, छोटा पंपही बसवतात. थेम्स नदीवरच्या २०१६च्या बोट रेसमध्ये केंब्रिजच्या महिलांची बोट बुडता बुडता वाचली, ती पंपामुळेच.

• वल्ह्यांची उंची : वल्हं अडकवायची जागा थोडी वर घेतली, की पातं लाटेत अडकत नाही.

• पायांची सुटका : बूट बोटीला पक्के असतात. टाचेला बांधलेल्या दोरीमुळे बोट उलटली तरी पाय बुटातून निघतो. ही दोरी सैल किंवा तुटलेली असेल, तर जिवावर बेतू शकतं.

• तरंगते : शिकाऊंसाठी दोन्ही बाजूंना छोटे फ्लोट लावतात. वेग कमी होतो, तोल वाढतो.

मग समुद्रात जायचं का?

नाही. या बदलांमुळे वाऱ्याच्या दिवशी धरणावरचा सराव सुरक्षित होतो. पण बोटीची अरुंद, लांबट घडण तशीच राहते. म्हणूनच समुद्री रोइंगची बोट वेगळी असते. एकट्यासाठीची बोट जास्तीत जास्त ६ मीटर लांब, किमान ७५ सेंटिमीटर रुंद आणि किमान ३५ किलोची. आत आलेलं पाणी मागच्या उघड्या बाजूने आपोआप वाहून जातं.

आपल्यासाठी याचा अर्थ

बीच स्प्रिंटमध्ये वाळूवर धावत बोटीत चढायचं, बोयांना वळसे घालत २५० मीटर जायचं, परत यायचं आणि पुन्हा धावायचं. दापोडीत कमावलेला दम आणि ताकद इथे उपयोगी पडेल. पण लाट ओळखणं समुद्रातच शिकावं लागतं. महाराष्ट्राला ७०० किलोमीटरहून लांब किनारा आहे. पुण्याचे खेळाडू आणि कोकणचा समुद्र यांची गाठ घालून देणं, हेच आता खरं काम आहे.